भावोजींना गप्प करणारी दहा पुस्तकं

(एका वाचक ताईंच्या लांबलचक पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी 43 वर्षांची आहे. भांडुपला राहते आणि फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. माहेर लालबागचं. वडील गिरणीत होते, 82 च्या संपात नोकरी गेली ती परत मिळालीच नाही. लहानपणापासून वाचायचा नाद आहे, आणि ऐतिहासिक कादंबऱ्या तर मी अक्षरशः पारायणं करून वाचल्यात. गेल्या गणपतीत माहेरी सगळे जमले होते. शिवाजी महाराजांवरून बोलणं निघालं, मी एक प्रसंग सांगितला. त्यावर मोठ्या बहिणीचे यजमान म्हणाले, “अगं, हे कादंबरीतलं आहे. इतिहासात असं काही नाही.” सगळे हसले. मला ते फार लागलं. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतिहासाचा किंवा राजकारणाचा विषय निघाला की मी गप्प बसते. ‘वाचलीच पाहिजेत’ अशा याद्या पाहून सात-आठ जाडजूड पुस्तकं मागवली, बहुतेक इंग्रजी. एकही चाळीस पानांपुढे सरकलं नाही. यजमान म्हणतात, “या वयात कुठली परीक्षा द्यायची आहे?” पण माझा पायाच कच्चा आहे असं मला सतत वाटतं. इतिहास, राजकारण आणि संस्कृती यांवरची दहा निःपक्षपाती पुस्तकं सांगाल का, जी वाचल्यावर मला कोणी गप्प करू शकणार नाही?

*

ताई,

पुस्तकांची नावं सांगणार आहे, भरपूर सांगणार आहे. पण तुमच्या मागणीत दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. त्या तशाच ठेवल्या तर मी सांगितलेली पुस्तकंही त्या सात-आठांच्या ढिगावर जाऊन पडतील.

आधी भावोजींचं बघू. तो प्रसंग कादंबरीकाराच्या कल्पनेतला असेलही. कादंबरीकाराला ती मुभा असते. बंद खोलीतलं दोन माणसांचं बोलणं तो लिहितो, आणि ते ऐकायला तिथे कोणीच नव्हतं हे त्यालाही ठाऊक असतं. तेव्हा चूक दाखवली यात गैर काही नाही, हसले ते गैर. पण त्या हसण्यावरून आपलं इतक्या वर्षांचं वाचन फुकट गेलं असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तो मला मान्य नाही. कादंबऱ्यांनी तुम्हाला माणसं दिली, काळ दिला, नावं-गावं ओळखीची करून दिली. कोऱ्या मनानं इतिहास वाचायला घेणाऱ्याला ती ओळख करून घेण्यातच पहिली शंभर पानं खर्ची घालावी लागतात.

‘श्रीमान योगी’ तुमच्याकडे असेलच. रणजित देसाईंच्या या कादंबरीला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे, पत्राच्या रूपातली. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट कथेत शिरतात. आता फक्त ती प्रस्तावना वाचा, कादंबरी मिटून ठेवा. कुरुंदकर तिथे एकेक धागा सोडवून दाखवतात: कुठल्या साधनावर किती विसंबायचं, दंतकथा कशी तयार होते, महाराजांचं मोठेपण लढायांखेरीज आणखी कशात शोधायचं. महाराजांच्या मृत्यूनंतर औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला आणि 1707 मध्ये इथेच मेला. इतकी वर्षं मराठी मुलूख त्याच्याशी का झुंजत राहिला, हा प्रश्न ते घेतात. तो नीट वाचलात की तुम्ही भावोजींच्या पुढे असाल, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्चावा लागणार नाही.

आता ‘निःपक्षपाती’ या मागणीकडे येते, कारण ही मागणी मला पत्रांतून वारंवार दिसते. समजा, शिवाजी महाराजांवरचं असं पुस्तक तुम्हाला हवं आहे. जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये महाराजांवर पवाडा लिहिला. त्यात महाराज कुळवाडीभूषण आहेत, कष्टकरी रयतेचा राजा आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये काढलं. त्यांच्या मते संतांनी घडवलेल्या समाजजागृतीतून ही सत्ता उभी राहिली. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक, मधे जेमतेम तीस वर्षं. यातला पक्षपाती कोण? दोघांनाही आपापल्या काळातल्या एका जळत्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधायचं होतं. फुल्यांसमोर शूद्रातिशूद्रांची गुलामी होती, रानड्यांसमोर राष्ट्र म्हणून उभं कसं राहायचं ही चिंता होती. हे कळलं की दोन्ही पुस्तकांतून तुम्हाला शिवाजी महाराज समजतात आणि एकोणिसावं शतकही समजतं.

अलीकडचंच हवं असेल तर गोविंद पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ घ्या. 1988 चं, एका भाषणातून झालेलं छोटं पुस्तक आहे, भांडुपहून सीएसएमटीला जाता-येता संपेल. आणि त्याच्यासोबत ग्रंथालयात बसून गजानन भास्कर मेहेंदळ्यांच्या ‘श्री राजा शिवछत्रपती’मधलं एखादं प्रकरण वाचा. मेहेंदळ्यांचे खंड पाहूनच छाती दडपते, म्हणून सगळे वाचू नका. अफजलखानाचं प्रकरण काढा आणि तळटिपांकडे बघा. एकेका वाक्याखाली कुठलं पत्र, कुठली बखर, फारसी की पोर्तुगीज, याचा हिशेब मांडलेला असतो. तुम्ही अकाउंट्समध्ये काम करता, व्हाउचरशिवाय एंट्री होत नाही हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. तळटीप म्हणजे इतिहासकाराचं व्हाउचर. पानसऱ्यांची भूमिका वेगळी, मेहेंदळ्यांची वेगळी. कोण कुठल्या पुराव्यावर उभा आहे, एवढंच सध्या बघायचं.

पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणीही यातूनच निघते. शेवटची पानं उलटा, संदर्भसूची आहे का पाहा. प्रस्तावनेत लेखकानं आपण कुठली कागदपत्रं पाहिली, कोणाशी बोललो, हे सांगितलंय का पाहा. मग आतलं एखादं धक्कादायक विधान निवडा आणि त्याला आधार काय दिलाय ते शोधा. “असे म्हणतात”, “सर्वश्रुत आहे” एवढ्यावरच भागवलं असेल तर पुस्तक खाली ठेवा, वेष्टनावर कितीही मोठ्या माणसाची शिफारस असली तरी.

पुस्तक कोणाच्या हातांतून गेलंय हेही बघावं लागतं. वरसईच्या विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ घ्या. कर्जबाजारी घरातला हा ब्राह्मण दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. लूट, कत्तल, पाण्यासाठीची वणवण, सगळं त्यानं पाहिलं आणि पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलं. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 मध्ये छापलं, पण इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून वैद्यांनी मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक यायला दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यावी लागली, तीही स्वातंत्र्यानंतर. म्हणून हे पुस्तक घेताना आवृत्ती विचारून घ्या. कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाला सत्यकथनाची गोडी लावायला मला याहून चांगलं मराठी पुस्तक माहीत नाही. यात खोलीतलं बोलणं कानांनी ऐकलेला माणूस आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वडिलांची नोकरी गेली ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. ताई, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला तो संप मुंबईच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांनी तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. शहराचा चेहरा त्यानंतर बदलला, तुमचं कुटुंबही बदललं असणार. आपला पाया कच्चा आहे असं वाटणारी बाई इतिहासाच्या एका मोठ्या प्रकरणाच्या आत वाढली आहे. माझं मत विचाराल तर तुम्ही सुरुवात इथून करा, पानिपतावरून नको आणि दुसऱ्या महायुद्धावरून तर नकोच.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक केलं. त्याचा मराठी अनुवादही झाला आहे, ग्रंथपालांना विचारा, काढून देतील. कामगार, त्यांच्या बायका, खानावळवाल्या, शाहीर, पुढारी, सगळे आपापल्या तोंडानं बोलतात आणि एकमेकांना खोडूनही काढतात. संप चुकला की नाही यावर त्यांचं एकमत नाही. वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा आणि जिथे जिथे वडिलांना विचारावंसं वाटेल तिथे खूण करा. वडील हयात असतील तर खरोखर विचारा, फोनवर रेकॉर्ड करा: कुठलं खातं, कुठली पाळी, पहिला पगार किती, युनियनच्या सभेला कुठे जायचात, संपात घर कोणी चालवलं. हा शेवटचा प्रश्न आईला वेगळा विचारा. उत्तर बहुधा वेगळं येईल.

त्याहून मागे जायचं तर गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ आहे, 1863 चं. कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या पैशाचा पूर आला होता, तेव्हा हा माणूस शहरातले बाजार, तलाव, देवळं, जातीजमाती टिपत होता. भाषा जुनी आहे, पण पहिल्या वीस पानांत कानाला सवय होते. तुम्ही रोज फोर्टात उतरता. जेवणाच्या सुट्टीत दोन पानं वाचून त्याच रस्त्यानं चालून आलात तर नकाशा डोक्यात आपोआप बसतो. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन याच शहराची दुसरी बाजू दाखवतं. 1978 मध्ये ते आलं तेव्हा मराठी वाचकाला हादरा बसला, कारण नागपाड्याजवळच्या कावाखान्यातली मुंबई तोवर आपल्या पुस्तकांत जवळपास नव्हतीच. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आणि त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत लिहिलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही दोन्ही पुस्तकंही याच्याशेजारी ठेवा. दुसऱ्यात आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती आहेत. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, हा शाळेनं आपला करून दिलेला समज त्या मुलाखती फार शांतपणे मोडतात.

राजकारणावरच्या पुस्तकांत लोक बहुतेक वेळा नेत्यांच्या आत्मचरित्रांपाशी थांबतात. ती वाचावीत. यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ तर भाषेसाठीही वाचावं. पण आत्मचरित्र ही एका साक्षीदाराची जबानी असते, तिला न्यायालयाचा निकाल समजू नये. काँग्रेस, समाजवादी, कम्युनिस्ट, हिंदुत्ववादी अशा नाना प्रवाहांनी महाराष्ट्रातली माणसं कशी विचार करत होती हे समजून घ्यायला ग. प्र. प्रधानांचं ‘साता उत्तरांची कहाणी’ मी सर्वांत आधी हातात देईन. प्रधान स्वतः समाजवादी, तरी त्यांनी प्रत्येक प्रवाहाला स्वतःची बाजू स्वतःच्या आवाजात मांडू दिली आहे. घरच्या ग्रुपवर ज्यांच्याशी आपलं पटत नाही ते तसं का बोलतात, हे या पुस्तकानं उमगायला लागतं. स्वातंत्र्यानंतरच्या देशाचा सलग पट हवा असेल तर रामचंद्र गुहांच्या 2007 च्या पुस्तकाचा ‘गांधीनंतरचा भारत’ हा मराठी अनुवाद आहे. जाड आहे, पण प्रकरणं सुटी सुटी वाचता येतात. भाषावार प्रांतरचनेचं प्रकरण आधी वाचा, हुतात्मा चौकातून तुम्ही रोज जाता. य. दि. फडक्यांचे ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड सलग वाचायला घेऊ नका. एखाद्या वर्षी काय घडलं यावर घरात वाद झाला की ते काढायचे.

आणि दोन्ही बाजू एकाच पुठ्ठ्यात हव्या असतील तर डॉ. आंबेडकरांचं जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं भाषण आहे. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकूर पाहिल्यावर मंडळाला तो पेलला नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी न झालेलं भाषण स्वखर्चानं छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर आक्षेप घेतले. दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेखही छापले आणि त्याखाली आपलं उत्तर दिलं. मतभेद असलेल्या माणसाचं म्हणणं पूर्ण छापून मग उत्तर द्यायचं, ही रीत व्हॉट्सअॅपवर वावरणाऱ्या प्रत्येकानं एकदा पाहावी. मराठी अनुवाद वेगवेगळ्या नावांनी मिळतात, घेताना गांधी-आंबेडकर वाद आत आहे ना, एवढं चाळून बघा.

संस्कृतीवर लिहायला बसले तर हे सदर पुरणार नाही, म्हणून थोडक्यात. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख पहिला. काही पानांचाच आहे. विठ्ठलाच्या नावानं एकत्र चालणाऱ्या माणसांतही जेवणाच्या पंगतीपाशी जात कशी उभी राहते, हे त्या स्वतः चालताना पाहतात, त्यांना ते टोचतं आणि तरीही वारीवरचं प्रेम कमी होत नाही. तो आवडला तर रा. चिं. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ घ्या. विटेवरच्या देवाचा माग काढत ढेरे धनगरांच्या लोकदैवतापर्यंत कसे पोचतात, ते रहस्यकथेच्या ओढीनं वाचलं जातं. अवघड वाटलेला भाग ओलांडा, देव रागावणार नाही.

आता त्या सात-आठ पुस्तकांबद्दल. चाळीस पानांवर अडकलात ती वाचनाची कमतरता आहे असं मला वाटत नाही. दुसऱ्या कोणाला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही वाचत होतात, मग रस कुठून येणार? प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका उघडा, जे एक प्रकरण तुम्हाला खुणावेल तेवढंच वाचा. एकही खुणावत नसेल तर पुस्तक ग्रंथालयाला देऊन टाका. वैचारिक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीनं वाचावं असा नियम नाही, कादंबरीची सवय असलेल्यांना तसं वाटतं इतकंच. इंग्रजीत दमछाक होत असेल तर अनुवाद वाचा. त्यात कमीपणा काय? गुहा मराठीत वाचून तुम्हाला कमी कळणार नाहीत.

यजमानांच्या परीक्षेच्या बोलण्यावर वाद घालू नका. गिरणगावाचं पुस्तक घरात आलं की त्यातलं एखादं पान मोठ्यानं वाचून दाखवा. बघा काय होतं.

राहिले भावोजी. दहा पुस्तकं वाचून तुम्ही त्यांना गप्प कराल असं मला वाटत नाही, आणि कराल तर मला वाईट वाटेल, कारण मग पुढच्या गणपतीत गप्प बसणारं माणूस तेवढं बदललेलं असेल. ग्रुपवर काही आलं की “खोटं आहे” असं लिहू नका. “हे कुठल्या पुस्तकात आहे? मला वाचायचंय” असं लिहा, आणि खरंच वाचायच्या तयारीनं लिहा. कधी उत्तर येईल, कधी येणार नाही. आलं तर तुम्हाला एक नवं पुस्तक मिळेल. भावोजी बोलले त्यावरून तेही वाचणारे दिसतात. तुम्ही सांगितलेला तो प्रसंग मुळात कुठून आला आहे, हे त्यांनाच फोन करून विचारलंत तर? माझा अंदाज आहे, ते खुलतील. आणि तुम्हाला एकटीला असं विचारायचा धीर होत नसेल तर बहिणीला सोबत घ्या, तीही त्याच घरात वाढली आहे.

पुस्तकं मिळवायला फार लांब जावं लागणार नाही. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. त्यांच्या संदर्भ विभागात जुन्या आवृत्त्याही पाहायला मिळतात. भांडुपहून ठाणंही जवळ, तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय तर 1893 चं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुष्कळ पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, फोनवर उतरवून घेता येतात. फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारनंच छापलंय. आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जा. शिवाजी पार्कात त्या दिवसांत पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात तेवढे मुंबईत क्वचितच कुठे पाहायला मिळतात, आणि तिथे छोट्या पुस्तिका अगदी कमी किमतीत मिळतात. एक-दोन दिवस आधी गेलात तर चाळायला जरा उसंत मिळते. 6 तारखेला गर्दी फार असते, दादर स्टेशनापासूनच चालत जावं लागेल. सुटे पैसे आणि एक मजबूत कापडी पिशवी न्या.